लेकीला टाइप-1 मधुमेह निघालाय, नोकरी सोडू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत चार वर्षांपासून कायम कामगार आहेत. पगार वीस हजारांच्या आत, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो. मूळ गाव गेवराई तालुक्यात. मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा, स्वतःचा छोटा टेम्पो आहे, सासूबाई सोबत राहतात. दोन महिन्यांपूर्वी नऊ वर्षांच्या मुलीला टाइप-1 मधुमेह निघाला. दिवसाला चार इंजेक्शनं. दुपारचं इंजेक्शन शाळेत कोण देणार, हा रोजचा घोर. खाडे वाढले, अटेंडन्स बोनस बुडाला, सुपरवायझर तिरकं बोलतो आणि घरात सगळ्यांचं एकच मत, "आईनं आता घरी बसावं." त्यांना विचारायचंय, नोकरी सोडू का?

ताई, राजीनामा लिहून ठेवला असेल तर तो तूर्त कपाटातच राहू द्या. कधीच देऊ नका असं म्हणत नाही, पण आत्ता नको. सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात समाजसेवा अधीक्षक म्हणून माझी सगळी नोकरी झाली. लेकराचं दुखणं निघालं की पहिल्या तीन महिन्यांत आईची नोकरी सुटते आणि वर्षभरानं तीच आई काम शोधत फिरते, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता निदानाच्या कागदाबरोबरच हा विषय काढतो.

आत्ता नको म्हणायला वैद्यकीय कारणही आहे. टाइप-1 निघाल्यावर इन्सुलिन सुरू झालं की बऱ्याच मुलांत स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या उरलेल्या पेशी काही काळ पुन्हा थोडं काम करू लागतात. डोस कमी होतो, साखर आटोक्यात दिसते. डॉक्टर ह्याला हनिमून फेज म्हणतात. काही महिन्यांनी ती ओसरते आणि डोस पुन्हा वाढतो. म्हणजे आत्ता घरात दिसतंय ते ह्या आजाराचं कायमचं रूप नाही. पहिले काही आठवडे वाटतं तितकं अवघड ते पुढे राहत नाही, आणि मध्येच वाटतं तितकं सोपंही नसतं. असल्या दिवसांत घेतलेल्या निर्णयाला आधारच नसतो. निदान दोन वेळा एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, होऊ द्या. ती तपासणी तीन महिन्यांनी करतात, तेव्हा साधारण सहा महिने हातात येतात.

दुसरं कारण पैशाचं आहे, आणि ते घरातल्या कोणी तुम्हाला सांगितलेलं नाही असं प्रश्नावरून दिसतं. तुमच्या घरात ईएसआय कोणाच्या नावावर आहे? तुमच्या. टेम्पोवाल्याला ईएसआय नसतो. लेकीचं इन्सुलिन, तपासण्या, उद्या भरती करायची वेळ आली तर ते, सगळं तुमच्या कार्डावर आहे. तुम्ही घरी बसलात की वर्गणी थांबते आणि काही महिन्यांत कार्डही थांबतं. लोक म्हणतात, "महात्मा फुले योजना आहे की." आहे, आणि घरातल्या कोणाला मोठं ऑपरेशन लागलं तर ती कामाला येते. पण ती रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या ठरलेल्या उपचारांची योजना आहे. रोज चार वेळा टोचायचं इन्सुलिन आणि बोटाला टोचून साखर बघायच्या स्ट्रिप्स हा खर्च तिच्यात बसत नाही. एक स्ट्रिप पंधरा-वीस रुपयांना धरा. दिवसाला चार लागल्या तरी महिन्याला अठराशे ते चोवीसशे. ईएसआयच्या दवाखान्यातून ह्यातलं काय मिळतं ते विचारून घ्या, आणि औषध बाहेरून आणावं लागलं तर बिलाची परतफेड कशी मिळते तेही त्याच खिडकीवर विचारा.

इन्सुलिन मिळण्याची जागा बदलली की एक धोका असतो, तो इथंच सांगून टाकतो. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलीमध्ये 40 युनिटचं असतं, इन्सुलिनच्या पेनमधलं 100 चं. 40 ला लाल टोपणाची सिरिंज, 100 ला केशरी. एका ठिकाणचं औषध बंद होऊन दुसरीकडचं सुरू झालं आणि सिरिंज मात्र जुनीच राहिली, की डोस अडीचपट होतो नाही तर निम्म्याच्याही खाली येतो. नोकरी सुटली, सरकारी दवाखान्यातून कुपी आणली आणि घरात पेनची सवय, अशा घरांत हे घडतं.

ईएसआयचं एक अंगही माहीत असू द्या. आजारपणाच्या रजेचा पैसा, म्हणजे मजुरीच्या 70 टक्के, वर्षात 91 दिवसांपर्यंत, हा फक्त कामगार स्वतः आजारी असेल तर मिळतो. लेकरू आजारी असेल तर औषध मिळेल, रजेचा पैसा नाही. हीच फट आहे आणि पालकांची नोकरी ह्याच फटीत अडकते. काही जण स्वतःच्या नावानं सर्टिफिकेट आणतात. तो रस्ता मी सुचवणार नाही, आणि एकदा पकडलं गेलं की खरं आजारपणही कोणी मानत नाही. तुमच्या हक्काची म्हणजे वीस दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा. ती ह्या वर्षी लग्नकार्याला आणि गावच्या जत्रेला वापरू नका. बरेच कामगार ओव्हरटाइम नाकारतात, कारण पगार 21,000 च्या वर गेला तर ईएसआय जाईल ही भीती. ती खोटी आहे. ती मर्यादा बघताना ओव्हरटाइम धरत नाहीत. आणि मूळ पगारच वाढून मर्यादा ओलांडली तरी चालू सहामाही संपेपर्यंत, म्हणजे 30 सप्टेंबर किंवा 31 मार्चपर्यंत, संरक्षण राहतं.

आता दुपारचं इंजेक्शन. खरी गाठ इथंच आहे. माझं निरीक्षण असं की नोकरी जाते ती आजारामुळे कमी, आणि इंजेक्शन द्यायला घरात एकच माणूस येतं म्हणून जास्त. तो एक माणूस बहुतेक वेळा आई असते. वॉर्डात शिकवताना सिस्टर तिलाच पुढे बोलावतात, बाप दाराशी उभा राहून फोनवर बोलत असतो, आजी पिशवी सांभाळत बाजूला. तिथंच सगळं ठरून जातं. पुढच्या भेटीला तिघांनी जा आणि तुम्ही मागे उभ्या राहा. मालकांना टोचू द्या. सासूबाईंनाही.

सासूबाईंना लिहिता-वाचता येत नसेल तरी अडत नाही. बहुतेक पेनची कळ फिरवली की एका युनिटला एक 'टक्' असा आवाज येतो. सहा युनिट म्हणजे सहा टक्. पैसे मोजणारी, नवसाचे नारळ मोजणारी बाई सहा टक् नक्की मोजते. आमच्याकडे एक आजी यायची. ती कळ फिरवताना तोंडानं मोजायची नाही, तर दुसऱ्या हाताच्या बोटांच्या पेरांवर अंगठा सरकवायची आणि शेवटी पेन नातवापुढे धरून म्हणायची, "वाच रं, सहाच हाय का?" नातू आकडा वाचायचा, मग सुई. तिनं मोजायचं आणि त्यानं वाचायचं, असे दोन पहारे झाले. डोस किती हे मात्र सकाळी तुम्ही कागदावर लिहून फ्रिजवर लावायचं. साखर बघून डोस बदलायचा असेल तर फोन.

मग शाळेचं सत्र आणि तुमची शिफ्ट एकमेकांना जुळवा. लेक चौथीत आहे. पुढच्या वर्षी पाचवीला शाळा बदलणार असेल तर सत्र बघून शाळा निवडा. बाराची शाळा असेल तर साडेअकराला घरी इंजेक्शन, जेवण आणि मग शाळा. मधल्या सुट्टीत हलका खाऊ, संध्याकाळी घरी. दुपारचं इंजेक्शन शाळेतून घरात आलं. तुम्ही सेकंड शिफ्ट कायम मागून घेतलीत तर सकाळचं आणि दुपारचं तुमच्या हातून, रात्रीची दोन मालकांच्या किंवा आजीच्या हातून. फर्स्ट शिफ्ट असेल तर उलट. सगळ्यात वाईट म्हणजे दर आठवड्याला बदलणारी शिफ्ट. त्यात जेवणाच्या वेळा, डोस, झोप, सगळंच हलतं. म्हणून कंपनीत सवलत मागायची ती रजेची नाही, एकाच शिफ्टची. ह्यात कंपनीचा पैसा जात नाही. सेकंड शिफ्ट नकोशी असणारे लाइनवर पुष्कळ असतात, अदलाबदलीला माणूस मिळतो.

ह्या वर्षी शाळेत इंजेक्शन द्यावंच लागणार असेल तर मुख्याध्यापकांना डॉक्टरांचं पत्र द्या. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं 2023 मध्ये राज्यांना कळवलंय की टाइप-1 असलेल्या मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, मधल्या वेळी खाऊ द्यावं, परीक्षेतही. बाई टोचायला घाबरतात, ते साहजिक आहे. पण नऊ वर्षांची पोर थोड्या सरावानं स्वतः टोचते. बाईंनी फक्त पेनवरचा आकडा बघायचा. आणि एवढं त्यांना पाठ हवं: घाम फुटला, हातपाय थरथरले, विचित्र वागू लागली किंवा साखर 70 च्या खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना.

कामावर सगळ्यात मोठा घाला घालतं ते मात्र अचानक भरती होणं. एक भरती म्हणजे आठवडाभर दोघांचंही काम बंद. तिचं नेहमीचं कारण ठरलेलं आहे: उलट्या-जुलाब झाले, पोरगी जेवली नाही, म्हणून घरच्यांनी इन्सुलिन दिलंच नाही. आजारपणात डोस कमी-जास्त होईल, पण पूर्ण बंद कधीही नाही. उलट्या होत असतील तर लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साचणारी घातक द्रव्यं) तपासा, डॉक्टरांना फोन करा, आणि श्वास जोराचा, खोल चालला तर सकाळची वाट बघू नका. हे सासूबाईंना, गावाकडच्या जावेला, दिवाळीत जिथं मुक्कामाला जाल तिथल्या माणसांना, सगळ्यांना सांगून ठेवा.

रात्रीचंही बोलायला हवं. रात्री दोन-अडीचला उठून साखर बघायची आणि सकाळी सातला मशीनवर उभं राहायचं, हे रोज एकाच माणसानं करू नये. तुम्ही प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनवर, आहात का ते लिहिलेलं नाही. असाल तर माझ्या दृष्टीनं हा पगारापेक्षा मोठा प्रश्न आहे. वाळूज, चिकलठाण्यातल्या प्रेसवर बोटं गमावलेली माणसं मी पाहिलीत, आणि पेंगुळलेल्या डोळ्यांनी प्रेस चालवू नये हे तिथल्या कोणालाही विचारा. रात्री वाटून घ्या. ज्याची सकाळी शिफ्ट, त्याची त्या रात्री सुट्टी. मालकांना पहाटे चाकणला माल घेऊन निघायचं असेल तर त्यांचीही सुट्टी, चाकावर झोप लागणं काही कमी धोक्याचं नाही. रोज रात्री उठणं गरजेचं आहे का, हेही डॉक्टरांना विचारा. पुष्कळ आयांना ते कोणी सांगितलेलंच नसतं, भीतीपोटी चालू राहतं.

मालकांविषयी थोडं. बापाच्या कामाला झळ लागत नाही असा समज आहे. झळ लागते, फक्त ती हजेरीपटावर दिसत नाही. लांबची भाडी नाकारली जातात, नाही तर उलट, खर्च भागवायला लांबचीच भाडी धरली जातात आणि माणूस घरी दिसेनासा होतो. ओपीडीच्या रांगेत कंपनीचा ड्रेस घातलेला, गळ्यात ओळखपत्र असलेला बाप दर पाच मिनिटांनी घड्याळ बघतो. केसपेपरला रांग, वजनाला रांग, रक्ताला रांग. हाफ डे टाकून आलेला असतो आणि डॉक्टरांपर्यंत नंबर यायच्या आत हाफ डे संपतो. मग तो बायकोला म्हणतो, "तू बघ, मी निघतो." डॉक्टर काय म्हणाले ते त्याच्या कानावर कधीच पडत नाही. तुमच्या घरात मालकांची वेळ त्यांच्या हातात आहे, हे मोठं बळ आहे. ओपीडीचा दिवस त्यांचा ठेवा. त्या दिवसाचं भाडं बुडेल हे खरं, पण तुमचा खाडा आणि बोनस दोन्ही वाचतात. एकदा कागदावर मांडून बघा, कोणाचा दिवस स्वस्त पडतो.

सुपरवायझरशी बोलायचं ते लाइनवर उभ्या-उभ्या नाही आणि रडतही नाही. एका पानाचा अर्ज, सोबत डॉक्टरांचं पत्र. त्यात आजाराचं पुराण नको. काय हवंय ते लिहा: अमुक शिफ्ट कायम, तीन महिन्यांतून एकदा ओपीडीची रजा आधी कळवून, आणि लाइनवर फोन जवळ ठेवायची परवानगी, नाही तर घरून फोन आला तर निरोप देणारा एक माणूस ठरवून. अर्ज एचआरला द्या, पोच घ्या. तोंडी मिळालेली सवलत सुपरवायझर बदलला की जाते.

हे सगळं टाइप-1 साठी लिहिलंय. वाचणाऱ्यांत दुसऱ्या आजारांचे पालक असतील, त्यांचं गणित वेगळं. थॅलेसेमियात दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढतं. तारीख आधी ठरते, म्हणून रजाही आधी ठरवता येते. शिवाय थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत आहेत, टाइप-1 नाही. त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्रावर मिळणाऱ्या सवलतींच्या मागे तुम्ही धावू नका, त्यांनी मात्र जरूर अर्ज करावा. नेफ्रोटिक सिंड्रोमचं, म्हणजे मूत्रपिंडाचं, दुखणं महिनोन् महिने गप्प असतं आणि एका सर्दीनं उलटतं. त्यांना ठरलेली रजा कामाची नाही, शिल्लक ठेवलेली लागते. रक्ताच्या कर्करोगात पहिले सहा-आठ महिने खरोखर कोणीतरी पूर्णवेळ लागतंच. तिथं मीच म्हणतो की एकानं थांबा, पण बिनपगारी रजा लेखी मागून, राजीनामा देऊन नव्हे.

ज्यांना रजा हा शब्दच लागू नाही, त्यांचं काय? बीड, वडवणी, धारूरकडची ऊसतोडीला जाणारी जोडपी ओपीडीत येतात. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा-दिवाळीनंतर उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन टोळी कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात जाते. लेकराला रक्त चढवायला माय गेली की कोयता अर्धा होतो, मुकादम खाडा धरतो आणि उचल फिटत नाही म्हणून ती पुढच्या हंगामावर चढते. आजाराचं कर्ज कोणी दवाखान्याचं म्हणून लिहीत नाही, ते उचलीत मिसळून जातं. रक्तासाठी दर वेळी गावाकडच्या दवाखान्यात यायची गरज नसते, हेच त्यांना माहीत नसतं. निघण्याआधी उपचाराचं पत्र घ्यायचं: रक्तगट, मागच्या वेळचं हिमोग्लोबिन, कधी रिअॅक्शन आली होती का, लोह उतरवायची गोळी कोणती. ते घेऊन कारखान्याजवळच्या जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात जायचं. सरकारी रक्तपेढीत अशा मुलांना रक्त मोफत आहे. इन्सुलिनवरचं लेकरू असेल तर फडावर इन्सुलिन मडक्यात ठेवायची सोय करावी लागते: मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, वर ओलं फडकं, सावलीत. वापरात असलेली कुपी त्यात साधारण चार आठवडे टिकते. तुम्हीही उन्हाळ्यात गावी जाताना हीच सोय करा, गेवराईकडचं ऊन आणि भारनियमन तुम्हाला मी काय सांगू.

सरकारी नोकरीतल्यांचं एका परिच्छेदात उरकतो, कारण त्यांच्याकडे कागद आहेत. राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना पूर्ण सेवेत 180 दिवसांची बालसंगोपन रजा आहे. पुरुषाला ती पत्नी हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळलेली असेल तरच, जणू बापाला लेकराचं संगोपन माहीतच नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी मूल दिव्यांग असेल तर बदलीत प्राधान्य देणाऱ्या विशेष संवर्ग भाग 1 ची कागदपत्रं वेळेत भरावीत.

आता तुमच्या राजीनाम्याकडे परत. आपल्याकडे पुष्कळ जण नोकरी सोडतात ते पीएफ काढायला. दवाखान्याला पैसा लागतो आणि कोणीतरी सांगतं, "राजीनामा दे, सगळा निघतो." आजारपणासाठी पीएफमधून अॅडव्हान्स मिळतो, त्याला नोकरी सोडावी लागत नाही. तुम्हाला चार वर्षं झालीत. कायम कामगाराला ग्रॅच्युइटी सलग पाच वर्षांनंतर, दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराच्या हिशेबानं. आज निघालात तर ती गेली. आणि वाळूजमध्ये कायम असणं म्हणजे काय हे तुम्हीच जास्त जाणता. वर्ष-दोन वर्षांनी परत गेलात तर ठेकेदाराकडूनच जावं लागेल, सहा-सात महिन्यांनी ब्रेक आणि पुन्हा पहिल्यापासून.

सहा महिन्यांनी हे सगळं करूनही जमत नसेल, सासूबाईंची तब्येत साथ देत नसेल, कंपनी शिफ्ट देत नसेल, तर जरूर सोडा. तेव्हा तो निर्णय तुमचा असेल, चार नातेवाइकांचा नाही. सोडण्याआधी ईएसआयच्या दवाखान्यातून शेवटची सगळी कागदपत्रं आणि औषधाची चिठ्ठी घ्या. जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या बालरोग ओपीडीत लेकीचं नाव आधी नोंदवा, तिथलं इन्सुलिन 40 चं आहे की 100 चं ते बघून सिरिंज घ्या, आणि मगच एचआरकडे जा. पगारवाढीची किंवा बोनसची तारीख जवळ असेल तर ती होऊ द्या. त्याआधी मालकांनी कुठं ईएसआय असलेली ड्रायव्हरची नोकरी मिळते का ते बघावं. पगार टेम्पोपेक्षा कमी दिसेल, पण लेकीच्या औषधाचा खर्च त्यात मिळवून मग तुलना करा.